गोदावरी नाव ठेवायचे असेल तर

घरात मुलगी जन्मली आणि कोणी 'गोदावरी' हे नाव सुचवले की हल्ली बारशाआधीच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की या काळात जन्मलेल्या पोरीच्या गळ्यात पणजीचे नाव बांधणे हा तिच्यावर अन्याय आहे. शाळेत तिची 'गोधडी' होईल, आणि हौस आईबापांची असली तरी तिची किंमत लेकरू मोजील. दुसऱ्या तटाला या नावात संस्कृती परत आल्याचा आनंद होतो, आणि कियारा, अन्वी, आराध्या अशी नावे ठेवणारे आईबाप त्याला मुळापासून उखडलेले वाटू लागतात. मला स्वतःला हे नाव परत यावे असे वाटते. मात्र ज्या उत्साहाने ते परत आणले जात आहे त्यातले बरेचसे मला खोटे वाटते, आणि त्याला होणारा विरोधही बहुतेक वरवरचा वाटतो. दोन्ही बाजू मोठ्यांच्या आवडीनिवडीबद्दल भांडत आहेत. हे नाव आपल्या घरांतून गेले कसे, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तो विचारल्याखेरीज ते कोणत्या अटीवर परत यावे हे ठरवता येणार नाही.

संस्कृतीचा दावा आधी पाहू, कारण तो मोठ्या आवाजात केला जातो. नदीचे नाव मुलीला देणे ही आपली प्राचीन परंपरा, असे सांगणाऱ्यांनी मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. त्यातल्या नवव्या श्लोकात कोणत्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे, आणि नक्षत्र, वृक्ष, पर्वत, पक्षी, साप यांच्या जोडीला तिथे 'नदीनाम्नी' मुलगीही स्पष्टपणे वर्ज्य ठरवलेली आहे. दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे म्हटले आहे. त्या कसोटीला गोदावरी कशीबशी उतरेल, पण पुढच्या अध्यायात नापास होईल. म्हणजे ज्या शास्त्राचा हवाला द्यायचा त्याने हे नाव नाकारलेले, आणि मराठी घरांनी ते शास्त्र खुंटीला टांगून पिढ्यान्‌पिढ्या गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, तापी, नर्मदा, भागीरथी अशी नावे बिनदिक्कत ठेवली. ही नावे ठेवणारी माणसे पोथीपेक्षा आपल्या गावाजवळून वाहणाऱ्या पाण्याला आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला अधिक मानत होती. मला त्यांचे हेच कौतुक वाटते. मग परंपरेच्या नावाने हे नाव मिरवायचे असेल तर ती पोथीची परंपरा नव्हे, एवढे तरी कबूल करायला हवे.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला मानत होती म्हणजे तरी कसे? सासूचे नाव नातीला ठेवले जाई, पण सासूचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही असा रिवाज असल्यामुळे पोटच्या मुलीला आई त्या नावाने हाक मारू शकत नसे. म्हणून पत्रिकेत गोदावरी आणि घरात छबी, ताई, बेबी किंवा नुसतेच 'अगं ए'. मुलगी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत हे नाव तिच्या कानांवर क्वचितच पडे, आणि पुढे लग्न झाले की बहुधा तेही जाई. जुन्या नावांच्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना ही वस्तुस्थिती सोयीस्करपणे बाजूला पडते.

लग्नात नाव जाणे ही बाब मी या सगळ्या वादात केंद्रस्थानी मानतो, म्हणून तिथे थोडे थांबतो. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या, १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. बाळांची तापी लोकमान्य टिळकांच्या घरात सत्यभामा झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली बालविधवा गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली आणि तीही आनंदी झाली. दोन यमुना, एक तापी, एक गोदा: चार नद्या, आणि चारही लग्नाच्या मांडवात आटल्या. ही काही आडगावची अडाणी घरे नव्हती. रानडे सुधारकांचे अग्रणी. कर्व्यांनी तर विधवेशी लग्न केले म्हणून त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. विधवेच्या पुनर्विवाहासाठी सगळ्या गावाचा रोष पत्करणाऱ्या माणसाच्या घरातही वधूचे नाव बदलण्यात काही गैर आहे असे कोणाला वाटले नाही. ज्या काळातल्या नावांसाठी आपण आज हळवे होतो, त्या काळात ही नावे त्या स्त्रियांची नव्हतीच. माहेरी काही वर्षे वापरायला दिलेली आणि सासरच्या उंबऱ्यावर काढून घेतलेली ती एक वस्तू होती.

याच कर्व्यांच्या घरात पुढच्या पिढीत जे घडले ते या संदर्भात फार बोलके आहे. गोदूबाईंचा, म्हणजे आनंदीबाईंचा, मुलगा दिनकर. त्याची पत्नी १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मली आणि तिथल्या नदीवरून तिचे नाव इरावती ठेवले गेले. ती सून होऊन घरात आली तरी तिचे नाव इरावतीच राहिले, आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हणून सगळ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. सासूचे नदीचे नाव गेले आणि सुनेचे टिकले. मधे जेमतेम एक पिढी उलटली होती. 'गोदू' कानाला जुनाट लागले म्हणून गेले आणि 'इरावती' गोड लागले म्हणून राहिले, अशी कोणाची समजूत असेल तर ती तपासून पाहावी. इरावतीच्या मागे शिक्षण होते, तिला आपल्या नावाने लिहायचे होते, आणि ते नाव तिच्याकडून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. नाव टिकायला एवढेच लागते.

परदेशातली उदाहरणे देऊन 'शंभर वर्षांनी प्रत्येक नाव परत येते' असा नियम सांगणारे काही जण आहेत. अमेरिकेत 'एमा' हे नाव १८८०च्या सुमारास अगदी वरच्या क्रमांकावर होते, पुढे पार मागे पडले, आणि २००८ साली तिथल्या नवजात मुलींच्या नावांत पहिले आले. गोदावरीचेही तसेच होईल, थोडा धीर धरा, असा त्यांचा सूर असतो. काही अंशी ते खरे आहे. आजीचे नाव जुनाट वाटते आणि पणजीचे नाव नवे वाटते, कारण पणजीला आपण फोटोतच पाहिलेले असते. पण तिकडच्या एमाचे लग्नात आडनाव गेले, एमा गेली नाही. ती म्हातारी झाली तेव्हा तिचे नाव तिच्यासोबत म्हातारे झाले. आमच्या असंख्य गोदांचे नाव त्यांच्यासोबत म्हातारे व्हायलाही उरले नाही. म्हणून आपल्याकडे पुनरागमन आपोआप घडेल या भरवशावर बसता येत नाही.

आता विरोधकांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नाव हे लेकराला वागवायचे असते, आणि आईबापांचा भूतकाळाविषयीचा हळवेपणा त्याच्यावर लादणे योग्य नाही, हे मला मान्य आहे. पण मग हा न्याय सगळ्याच नावांना लावला पाहिजे. पासपोर्टवर बरे दिसावे, न्यू जर्सीतल्या शिक्षिकेला उच्चारता यावे, एखाद्या नटाच्या मुलीच्या नावाशी जुळावे, किंवा वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे म्हणून शब्दकोशातही न सापडणारी अक्षरे जुळवून तयार केलेले नाव हेही आईबापांच्या हौसेचेच ओझे नव्हे काय? शिवाय या वेगळेपणाच्या हट्टातून निघालेली नावे इतकी एकसारखी झाली आहेत की बालवाडीच्या हजेरीत आर्या, आर्वी, आद्या, अन्वी आणि अनया एकीपाठोपाठ एक येतात आणि बाईंना आडनाव जोडल्याशिवाय हाक मारता येत नाही. जुनेपणाचे म्हणाल तर तो घड्याळाचा काटा आहे. गोदा-यमुनांना मागे सारून आलेल्या कुसुम, मालती, शालिनी, विमल या त्यांच्या काळात भलत्याच आधुनिक होत्या. त्यांच्यानंतर सुनीता, संगीता, अनिता, मनीषा आल्या, मग स्नेहल, प्रियांका, पूजा, आणि आज संगीता हे नाव ऐकले की डोळ्यांपुढे नातवंडे असलेली बाई येते. आजच्या कियारा आजी होतील तेव्हा त्यांची नातवंडे त्यांच्या नावाला काय म्हणतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

चिडवण्याचा मुद्दा मला विरोधकांना वाटतो तेवढा भक्कम वाटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला गोदावरी हे नाव जुने आहे हे कळायचे कसे? त्याच्या लेखी कियारा आणि गोदावरी दोन्ही नव्याच. चिडवायला त्याला नावाचा इतिहास लागत नाही. 'स्वरा'चे 'ज्वरा' आणि 'अन्वी'चे 'पणवी' करायला त्याला एक मधली सुट्टी पुरते, आणि तेवढे सगळ्यांच्याच वाट्याला येते. मात्र नाव ऐकताक्षणी फिस्सकन येणारे एक हसू असते, ते मूल मोठ्यांकडून उचलते. बारशाला जमलेल्या एखाद्या काकू नाव ऐकून पदर तोंडाला लावतात, एखादे काका 'आता मुलगा झाला की ब्रह्मगिरी ठेवा' असा विनोद करतात, आणि कोपऱ्यात बसलेले पोर एवढे शिकते की या नावाला हसायचे असते. म्हणजे जे हसू भविष्यात मुलीला सोसावे लागेल म्हणून आपण काळजी करतो, त्याचा उगम त्या काळजी करणाऱ्यांच्याच ओठांवर असतो. असल्या काळजीला किती मान द्यायचा?

याहून कितीतरी वजनदार आक्षेप आहे, आणि तो या वादात फारच कमी ऐकू येतो. आमच्या नाटकांनी, मालिकांनी आणि चुटक्यांनी गंगू, सखू, गोदा, शांता ही नावे वर्षानुवर्षे धुणेभांडी करणाऱ्या बाईला बहाल केली. कमरेला पदर खोचलेली, मोडकीतोडकी भाषा बोलणारी आणि मालकिणीची चहाडी करणारी बाई रंगमंचावर आली की तिचे नाव आधीच ठरलेले असे. या नावांवर वर्गाचा शिक्का बसला तो असा. नर्मदा आणि रेवा ही एकाच नदीची नावे. त्यातले रेवा आज उच्चभ्रू घरांत आनंदाने ठेवले जाते आणि नर्मदा म्हटले की नाके मुरडली जातात. यात जुने-नवे काय आहे? शिक्का बसलेल्या बायकांनी आपल्या मुलींची नावे आर्या आणि स्वरा ठेवली, ती आपल्या नावाने आपल्याला कुठे उभे केले हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते म्हणून. त्यांच्या त्या निवडीत मला अंधानुकरण दिसत नाही. मला त्यात शहाणपण दिसते. आणि आता त्यांनी टाकून दिलेले नाव कोथरूडच्या सदनिकेत हातमागाच्या साडीसारखे कौतुकाने नेसले जाणार असेल, तर कोणी त्याला ढोंग म्हटले तर त्याचे काय चुकले? त्याच घरात बाळाला लाडाने 'गोदावरी' आणि भांडी घासायला येणाऱ्या, आईच्या वयाच्या बाईला 'गोदे, उद्या लवकर ये' अशी हाक मारली जात असेल, तर त्या घराने हे नाव ठेवू नये असेच मी म्हणेन.

पण या आक्षेपावरून 'म्हणून हे नाव कोणीच ठेवू नये' असा निष्कर्ष काढला तर आपण रंगमंचावरच्या त्या टवाळीलाच शेवटचा शब्द देतो. हे नाव खरोखर कोणाचे होते? १९०७ साली पुण्यात गोखल्यांच्या घरी जन्मलेली, कायद्याची पदवी घेतलेली गोदावरी, शामराव परुळेकरांशी लग्न झाल्यावरही गोदावरीच राहिली. १९४५पासून तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागात वेठबिगारीत पिचलेल्या वारली आदिवासींना घेऊन ती जमीनदारांपुढे उभी राहिली, आणि त्या लढ्याविषयी तिने लिहिलेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार स्त्रियांची हजारो घरांची वसाहत उभी राहिली तेव्हा तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले गेले. रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या शिधापत्रिकेवरच्या पत्त्यात आज 'गोदूताई' असते, आणि तिथे ते नाव वाचून कोणी हसत नाही. कामकरी बाईचे नाव म्हणून ज्या नावाची टवाळी झाली, तेच नाव कामकरी बायकांनी आपल्या घरांवर अभिमानाने लावून घेतले. या गोदावरीची आठवण म्हणून कोणी मुलीचे नाव ठेवणार असेल तर त्याला 'जुनाट' म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

ज्या उत्साहाने गोदावरी परत येते त्याच उत्साहाने प्रत्येक जुने नाव परत यावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. मुलगी नको होती म्हणून तिला 'नकुशा' नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे कालपरवापर्यंत होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक मुलींची ही नावे समारंभपूर्वक बदलावी लागली. धोंडी, दगडी ही नावे पोर जगावे म्हणून ठेवली जात, त्यामागची आईची भीती समजू शकते, तरी ती भीती आज पुन्हा मुलीच्या अंगावर चढवण्याचे कारण नाही. जुने म्हणून चांगले हा हिशेब नकुशापाशी येऊन थांबतो, आणि ज्यांना सरसकट जुन्याचा पुळका आहे त्यांनी या नावाचे काय करायचे ते सांगावे.

तेव्हा माझी अट एकच आहे, आणि ती आवाजाशी, अर्थाशी किंवा नावरस अक्षराशी संबंधित नाही. (शततारकेच्या पहिल्या चरणाला 'गो' येतो, त्यामुळे पत्रिकावाल्यांचीही या नावाला हरकत नसावी.) जी गोदावरी आज ठेवली जाईल ती त्या मुलीची आयुष्यभर राहील, याची तयारी घरात आहे का? आजही कितीतरी लग्नांत गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले जातात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात आणि फोटो निघतात. मग ते तांदूळ डब्यात जातात आणि नाव आधारकार्डावर. चांगल्या शिकलेल्या, स्वतः कमावणाऱ्या मुली 'हौस म्हणून' याला होकार देतात आणि जावयाच्या नावाशी जुळणारे नाव शोधण्यात दोन्हीकडच्या आत्या रमून जातात. ज्या घरात हा प्रकार गोड मानला जातो, त्या घराने मुलीला पणजीचे नाव देऊन कोणती परंपरा जपली? पणजीचे नाव ज्या रीतीने पुसले गेले तीच.

राज्य सरकारने २०२४ साली एक निर्णय घेतला. त्या वर्षी १ मे रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहिले जाईल. म्हणजे आजची गोदावरी उद्या आई होईल तेव्हा तिचे नाव तिच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर असेल. या राज्यात आईचे नाव इतके कागदोपत्री दृश्यमान यापूर्वी कधीच नव्हते. पण याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या नावासाठी विवाहानंतरचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धत चालू ठेवली आहे. म्हणजे मुलाच्या नावात आई आली, पण ती माहेरची गोदावरी म्हणून येईल की तांदळात लिहिलेले कोणी तरी म्हणून, हे सरकारने ठरवलेले नाही. ते त्या दोन घरांवर सोडले आहे, आणि नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी देण्याआधी त्याला नको म्हणणे हे गोदावरीच्या आईबापांचे काम आहे.

राहिला प्रश्न, मुलीलाच हे नाव नको वाटले तर? तर तिने बदलावे. अठरा वर्षे पूर्ण झाली की स्वतः अर्ज करता येतो, राजपत्रात नोंद होते, आणि गोदावरीची गार्गी होते. आईबापांना वाईट वाटेल, आजी दोन दिवस जेवणार नाही. तरी कल्याणच्या यमुनेचे नाव नवव्या वर्षी बदलले तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते आणि इथे अर्जावर सही तिची स्वतःची असेल, एवढा फरक ध्यानात घेतला तर हे नाव ठेवून बघण्यात फारसा धोका आहे असे मला वाटत नाही.